म्हाताऱ्या कुत्र्याच्या हिरडीवरची गाठ: कापली तरी परत येते तेव्हा काय तपासायचं

गेली १६ वर्षं मी वाईजवळच्या आमच्या घरी म्हातारी कुत्री सांभाळते. कुणाचे मालक परदेशी गेले, कुणाचे वारले, कुणाला वय झालं म्हणून रस्त्यावर सोडलं. बहुतेक जण येतात तेच आठ-नऊ वर्षांचे होऊन. या वयातली एक तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आली आहे, की आता नवं कुत्रं आलं की पाणी पाजून झाल्यावर मी पहिलं त्याचं तोंड बघते. हिरडीवर, टाळूवर किंवा जिभेखाली वाढलेला मांसाचा गोळा.

मी डॉक्टर नाही. इथलं सगळं कुत्र्यांची तोंडं उघडून बघताना आणि डॉक्टरांच्या टेबलाशी कुत्रं धरून उभं राहताना शिकलेलं आहे. लोकांचे फोन येतात ते एकाच वाक्याचे: "ताई, गाठ काढली होती, दोन महिन्यांत परत आली." मग मी विचारते, कापलेला तुकडा कुठे तपासायला दिला होता? बहुतेक वेळा तो कचऱ्यात गेलेला असतो. गाठ कशाची होती हेच कळलेलं नसतं, म्हणून ती किती खोलवर काढायची होती हेही कुणाला ठाऊक नसतं.

लक्षणं

तोंडाला अचानक घाण वास येऊ लागतो. लाळेत रक्ताचा धागा दिसतो, किंवा सकाळी अंथरुणावर गुलाबी डाग पडलेले असतात. एका बाजूनेच चावणं, घास तोंडातून पडणं, भुकेने ताटलीपाशी येऊन मागे फिरणं. पंजाने तोंड घासणं. एका बाजूचा गाल किंवा डोळ्याखालचा भाग फुगणं. एकाच नाकपुडीतून रक्त किंवा शेंबूड. जांभई देताना कण्हणं, जबडा पूर्ण न उघडणं. वजन उतरणं.

यांतलं एक लक्षण लोक फार हलक्यात घेतात: बाकीचे दात धड असताना एखाद-दुसराच दात हलणं. "वय झालं, दात पडणारच," म्हणून सोडून देतात. किटण चढलेल्या तोंडात अनेक दात हलतात, ते समजू शकतं. स्वच्छ तोंडात एकच दात हलत असेल, तर त्याच्या मुळाशी हाड कुणीतरी खातंय असं धरून चाला.

कुत्रं शेवटपर्यंत जेवत राहतं, हेही ध्यानात ठेवा. "खातंय की नीट" हा तोंड ठीक असल्याचा पुरावा नाही.

हात घालण्यापूर्वी

लाळ गळणं, खालचा जबडा लोंबणं, पाणी गिळता न येणं, घशात हाड अडकल्यासारखं करणं: ही सगळी रेबीजचीही लक्षणं आहेत. लसीची नोंद ठाऊक नसेल, किंवा चार दिवसांत कुत्र्याचा स्वभावच बदलला असेल, तर तोंडात हात घालू नका. त्याला एका खोलीत ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. हात आधीच घातला असेल आणि बोटावर ओरखडा असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यायला जा. भटक्या कुत्र्याच्या तोंडातलं "हाड काढायला" गेलेल्या माणसांची मला फार काळजी वाटते.

पहिली पायरी: टॉर्च आणि मोबाइल

खर्च काही नाही. कुत्र्याला कुशीवर झोपवा. तोंड उघडायची घाई करू नका, नुसता ओठ वर उचला. पुढच्या दातांपासून थेट शेवटच्या दाढेपर्यंत बाहेरून हिरडी बघा, दोन्ही बाजू, वर आणि खाली. मग वरच्या सुळ्याच्या मागे अंगठा टाळूला लावा, तोंड आपोआप उघडतं. जिभेखाली बघायला एक युक्ती आहे. खालच्या जबड्याच्या दोन हाडांमध्ये बाहेरून, हनुवटीच्या मागे, अंगठ्याने वर दाबा. जीभ वर उचलली जाते आणि तळ दिसतो. तिथली गाठ बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

फोटो काढा. गाठीचा आकार शेजारच्या दाताशी ताडून लिहून ठेवा: "सुळ्याच्या रुंदीएवढी", "दाढेच्या निम्मी". पंधरा दिवसांनी वाढली की नाही यावर घरात वाद होतो, तेव्हा हाच कागद कामी येतो.

हळद लावण्यापूर्वी फोटो काढा हे मुद्दाम सांगते. आपल्याकडे कुठल्याही जखमेला पहिली हळद लागते. तिने गाठ जात नाही, फक्त पिवळी होते, आणि डॉक्टरांना रंग कळत नाही. चुना, तुरटी, लवंगेचं तेल, माणसांची टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. चुन्याने तोंड भाजतं, आणि काही टूथपेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा आणणारा पदार्थ असतो, तो कुत्र्याला विष आहे. दोरा बांधून गाठ गळून पडेल असं कुणी सुचवलं, तर ऐकू नका.

या पायरीत काही जणांची काळजी तिथेच मिटते. वरच्या पुढच्या दातांच्या लगेच मागे टाळूवर मधोमध एक छोटा उंचवटा असतो. तो प्रत्येक कुत्र्याला असतो. त्यालाच गाठ समजून लोक रात्री अकराला फोन करतात. जिभेखालीही दोन छोटे उंचवटे असतात, लाळेच्या नळ्यांची तोंडं. गावठी कुत्र्यांच्या टाळूवर, जिभेवर काळे डाग असतात. सपाट, गुळगुळीत आणि वर्षानुवर्षं तसेच असतील तर ते जन्माचे. एक सोपी खूण: जे दोन्ही बाजूंना सारखं किंवा अगदी मध्यावर आहे, ते बहुधा मूळचंच. एकाच बाजूला आहे ते संशयाचं.

दुसरी पायरी: काही रुतलंय का

मटणाच्या नळीचं कडं खालच्या सुळ्यांमागे जबड्यात अडकतं. हाडाचा तुकडा टाळूवर आडवा, दोन दाढांच्या मध्ये बसतो आणि कुत्रं तोंड घासत फिरतं. आमच्याकडे दिवाळीनंतर माळावरचं कुसळी गवत वाळलं की कुसळं हिरडीत आणि जिभेखाली शिरतात. आठवड्याभरात तिथे लाल, मऊ, सहज रक्त येणारा फुगवटा तयार होतो, हुबेहूब गाठीसारखा. कुसळ निघालं की तो बसतो.

दिसेल आणि सहज निघेल तेवढंच काढा. जिभेच्या मुळाला दोरा गुंडाळलेला असेल तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक आतड्यात असू शकतं, आणि ओढल्यावर आतडं कापलं जातं.

तिसरी पायरी: दात

किटणाखाली पू धरला की हिरडी सुजते. वरची मोठी दाढ तुटून मुळाशी गळू झालं, तर डोळ्याखाली फुगवटा येतो, फुटतो, बसतो, परत येतो. हे दाताचं दुखणं आहे आणि दात काढल्यावर ते थांबतं. पण दात काढल्यानंतरचा खड्डा दोन आठवड्यांत भरायला हवा. खड्डा उघडाच राहिला, किंवा त्यातून मांस वर येऊ लागलं, तर प्रश्न दाताचा नव्हता. अशा वेळी "जंतू आहेत" म्हणून अँटिबायोटिकचा दुसरा, तिसरा कोर्स देत बसू नका. गाठीच्या वरच्या भागात जंतू असतातच. गोळ्यांनी ते कमी होतात, वास जातो, घरचे खूश होतात. गाठ आतून वाढत राहते. मी यात एका कुत्रीचे दीड महिने घालवले आहेत.

चौथी पायरी: चालू औषधं, चामखीळ, वाढलेली हिरडी

म्हाताऱ्या कुत्र्याला रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन किंवा त्वचेसाठी सायक्लोस्पोरिन चालू असेल, तर हिरड्या सगळीकडे जाड होऊन दात झाकू शकतात. बॉक्सर जातीत औषधाशिवायही हे होतं. खूण अशी की वाढ एका जागी नसते, सगळ्या दातांभोवती असते. औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांना चिठ्ठी दाखवा. वाढलेली हिरडी कापून घेता येते, पण किटण साचत राहिलं तर ती परत वाढते.

फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे पांढरट चामखीळ विषाणूने येतात. ते पिल्लांचं आणि तरुण कुत्र्यांचं दुखणं, एक ते तीन महिन्यांत बहुधा आपोआप जातं. दहा वर्षांच्या कुत्र्याला पहिल्यांदा तसं काही आलं, तर चामखीळ म्हणून वाट बघू नका.

पाचवी पायरी: गळ्याखालच्या गाठी आणि वजन

जबड्याच्या कोनाखाली दोन्ही बाजूंना लसिका गाठी (लिम्फ नोड, या प्रत्येक कुत्र्याला मूळच्याच असतात) हाताला लागतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी चाचपा. एक बाजू मोठी किंवा टणक लागली तर लिहून ठेवा. त्यांच्या मागेच लाळेची मऊ ग्रंथी असते, तिला घाबरू नका. वजनासाठी कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. मोठं कुत्रं असेल तर दवाखान्याच्या काट्यावर न्या.

घरचं काम इथे संपतं

वरच्या कुठल्याच कारणात न बसणारी गाठ असेल, तर आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे जा. रक्त थांबत नसेल, श्वास घेताना घरघर असेल, डोळा पुढे आला असेल, दोन जेवणं पूर्ण चुकली असतील किंवा जबडा उघडत नसेल, तर त्याच दिवशी. मधल्या काळात पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांतलं काहीही देऊ नका. कुत्र्याचं पोट, मूत्रपिंड, यकृत यांवर ही औषधं घाला घालतात. आणि तपासणी होईपर्यंत स्टेरॉइडचं इंजेक्शन नको असं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. त्याने सूज तात्पुरती उतरते, काही कर्करोगांची खूण पुसली जाते, आणि नंतर तुकडा तपासूनही नीट उत्तर मिळत नाही.

दवाखान्यात: आधी रक्त

हिरडीतून रक्त येणारं प्रत्येक कुत्रं गाठीचं नसतं. आपल्याकडे गोचीड ताप जबरदस्त आहे. त्यात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घसरतात आणि हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. मूत्रपिंड थकलेल्या कुत्र्याच्या तोंडात फोड येतात आणि श्वासाला मुताचा दर्प येतो. दोन्ही गोष्टी रक्ताच्या तपासणीत कळतात. शिवाय पुढे भूल द्यायची असेल, तर प्लेटलेट आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) पाहिल्याशिवाय देऊच नये. "या वयात भूल झेपेल का?" असं सगळे विचारतात. नुसत्या वयाने भूल फारशी अवघड होत नाही. हृदय, मूत्रपिंड, यकृत बिघडलेलं असलं तर होते. तेरा वर्षांची कुत्री भुलीतून उठून संध्याकाळी शेपूट हलवताना मी पाहिली आहेत.

सुईने काढलेला नमुना, आणि चंपीची गोष्ट

डॉक्टर बारीक सुईने गाठीतल्या आणि गळ्याखालच्या गाठीतल्या पेशी काढून काचेच्या पट्टीवर पसरतात. भूल बहुधा लागत नाही. गळ्याखालची गाठ हाताला नेहमीएवढी लागली तरी सुई घालायला सांगा, कारण आकार न वाढताही आजार तिथे पोचलेला असू शकतो.

ही स्वस्त तपासणी का सोडू नये, ते चंपीमुळे मला कळलं. बसस्टँडवरची गावठी कुत्री, नाकातून रक्त, टाळूवर फ्लॉवरसारखा लाल गोळा. बघणाऱ्या प्रत्येकाने सांगितलं, कॅन्सर आहे, झोपवा तिला. काचेवर निघाला तो संसर्गाने पसरणारा ट्यूमर, जो कुत्र्यांमध्ये समागमातून पसरतो. हुंगण्या-चाटण्यातून तो नाका-तोंडातही रुजतो. भटक्या कुत्र्यांत तो फार आढळतो. त्याला कापावं लागत नाही. आठवड्याला एक अशी व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाची शिरेतून इंजेक्शनं देतात, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. चंपीला पाच लागली. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर मांस सडतं, म्हणून ते अनुभवी हातानेच द्यायचं. प्रत्येक वेळी आधी रक्त तपासायचं, आणि नंतर काही दिवस तिची शी-शू हातमोजे घालून साफ करायची.

तुकडा तपासणी: जी सगळ्यांत जास्त टाळली जाते

सुईने उत्तर मिळालं नाही, आणि हिरडीच्या टणक गाठीत ते पुष्कळदा मिळत नाही, तर भूल देऊन तुकडा काढतात. त्याच भुलीत पूर्ण तोंड तपासून घ्या, टॉन्सिलसकट, आणि दातांचा-जबड्याचा एक्स-रे काढून घ्या. हाड बरंच खाल्लं गेल्याशिवाय एक्स-रेत दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी निर्धास्त होऊ नका. पुढे मोठी शस्त्रक्रिया करायची असेल तर सीटी स्कॅन लागतो.

डॉक्टरांशी बोलताना तीन गोष्टी मी हटकून विचारते. तुकडा पुरेसा खोल घेणार ना? वरवरचा खरवडला तर अहवालात नुसती "सूज" येते. तोंडाच्या आतूनच घेणार ना? ओठाच्या कातडीतून घेतला तर पेशी बाहेर सांडून पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. आणि तुकडा फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रवात, त्याच्या दहापट द्रव घेऊन ठेवणार ना?

रंगावर विश्वास का ठेवू नये ते काळूने शिकवलं. मेलॅनोमा, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग, काळ्या गाठीचाच असतो असं मी ऐकून होते. काळूची गाठ गुलाबी, गुळगुळीत, हरभऱ्याएवढी. मी तीन आठवडे थांबले. अहवालात मेलॅनोमा आला. या गाठींतल्या साधारण एक-तृतीयांश गाठींना काळा रंग नसतोच. कुत्र्याच्या तोंडातला हा सर्वाधिक आढळणारा घातक कर्करोग, आणि तो लवकर गळ्याखाली आणि फुफ्फुसात जातो. म्हणून घातक गाठ ठरली की जबड्याला हात लावण्याआधी छातीचे एक्स-रे काढायचे. दोन सेंटिमीटरच्या आत असताना सापडली तर शस्त्रक्रियेने बराच काळ मिळतो. त्या तीन आठवड्यांत काळूची गाठ हरभऱ्याची सुपारी झाली होती.

परत येते ती का

अहवालातलं नाव कळलं की हे कोडं सुटतं.

दाताला हाडाशी बांधणाऱ्या धाग्यांतून उगवणारी साधी गाठ असते. ती पसरत नाही, पण नुसती हिरडीपाशी कापली तर मूळ आत राहतं. तो दात धाग्यांसकट काढावा लागतो. हिरडीवरची दुसरी एक गाठ, अॅकॅन्थोमॅटस अॅमेलोब्लास्टोमा, शरीरात कुठेही पसरत नाही, तरी जबड्याचं हाड खात जाते. तिच्याभोवतीचं साधारण एक सेंटिमीटर चांगलं हाड घेऊनच ती काढायची असते. स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या अस्तराच्या पेशींचा कर्करोग, हाडात शिरतो. हिरडीवरचा सावकाश पसरतो, टॉन्सिलवरचा झपाट्याने. फायब्रोसार्कोमा, म्हणजे मांसातल्या धाग्यांसारख्या ऊतींचा कर्करोग, जो गोल्डन रिट्रीव्हरच्या वरच्या जबड्यात दिसतो, कधी कधी सूक्ष्मदर्शकाखाली अगदी निरुपद्रवी वाटतो आणि प्रत्यक्षात भराभर वाढतो. अशा वेळी अहवाल आणि वाढीचा वेग जुळत नसेल, तर तोच नमुना दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवायला सांगा.

सोन्या, आमचा अकरा वर्षांचा लॅब्रॅडॉर, माझ्याकडे आला तेव्हा त्याची खालच्या पुढच्या दातांजवळची गाठ एका दवाखान्यात दोनदा कापून झाली होती. दोन्ही वेळा तुकडा फेकलेला. तिसऱ्यांदा तपासला, अॅमेलोब्लास्टोमा निघाला. पुढचे दात आणि जबड्याचा पुढचा भाग काढावा लागला. "जबडा काढायचा" हे ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. तिसऱ्या दिवशी तो मऊ भाताचे गोळे स्वतः खात होता. जीभ थोडी बाहेर लोंबायची, लाळ गळायची, त्याला त्याचं काही नव्हतं. तो अडीच वर्षं जगला आणि गाठ परत आली नाही. पहिल्याच वेळी तुकडा तपासला असता, तर कदाचित कमी हाडावर भागलं असतं.

अहवालात "कडा स्वच्छ आहेत का" हे शब्द शोधा. कडेपर्यंत पेशी सापडल्या असतील तर गाठ परत येण्याची वाट न बघता पुढचं ठरवा.

शस्त्रक्रियेनंतर

दोन ते चार आठवडे मऊ जेवण: गिचका भात, हाडं काढून शिजवलेली कोंबडी, भोपळा. कांदा-लसूण घालू नका. चेंडू, काठ्या, हाडं बंद. गळ्यात कॉलर, नाहीतर पंजाने टाके उघडतात. पहिले काही दिवस गुलाबी लाळ चालते. टपटप लाल रक्त किंवा जेवण नाकातून येणं चालत नाही, लगेच फोन करा. मग पहिलं वर्षभर दर महिन्याला घरी टॉर्च आणि फोटो, आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे तोंड, गळा, आणि घातक गाठ असेल तर छाती.

काढता येत नसेल तर

काळूच्या फुफ्फुसात पोचलं होतं. आम्ही कापलं नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं वेदनाशामक वेळेवर, मऊ जेवण हाताने, वासासाठी मधूनमधून अँटिबायोटिक. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तीन खुणा: जेवला का, दारापर्यंत सामोरा आला का, रात्री शांत झोपला का. सलग तीन दिवस दोन खुणा चुकल्या की डॉक्टरांना बोलवायचं, हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. त्या क्षणी ठरवायला गेलं की हात मागे येतो. तो घरीच, ओसरीवर, माझ्या मांडीवर गेला.

कुठे जायचं

गावात सोय नसेल तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात जा. भूल, एक्स-रे, शस्त्रक्रिया लागेल तेव्हा पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत: परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर. आम्हाला खंबाटकी घाट उतरला की शिरवळ. निघण्याआधी फोन करून शस्त्रक्रिया विभागाचे वार विचारा आणि सकाळी लवकर पोचा. पाणी किती वाजेपर्यंत द्यायचं आणि जेवण कधी बंद करायचं तेही विचारून घ्या. पिशवीत लसीचं पुस्तक, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, तारखा घातलेले फोटो, वजनाचा कागद, जुने एक्स-रे ठेवा. आधीच्या डॉक्टरांनी कापलेला तुकडा बाटलीत असेल, तर तोही, बाटलीवर कुत्र्याचं नाव, तारीख आणि गाठ कुठल्या दाताजवळ होती ते लिहून.